दोन्ही हात मोकळे

(श्रीगोंदे येथे तालुक्यातल्या महिला मंडळांच्या, बचत गटांच्या आणि भजनी मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शेख महंमद महाराजांच्या या गावात भजनाला तोटा नाही. सकाळपासून चार मंडळांची भजनं आपण ऐकली. गाणाऱ्या सगळ्या बायका, टाळही बायकांच्याच हातात. पण पेटीवर आणि पखवाजावर कोण होतं, ते आठवून बघा. तीन मंडळांत दोन्हीकडे पुरुष होते. एका मंडळात पेटीवर एक ताई होत्या, पखवाजावर मात्र त्यांचे दीर. दीर चांगले वाजवत होते, माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. मला फक्त एवढंच विचारायचंय, की वर्षानुवर्षं भजन म्हणणाऱ्या बायकांच्या मंडळात वाद्य वाजवायला बाई का मिळत नाही?

मला विषय दिला होता ‘स्त्री आणि संगीत’. हा विषय निघाला की आपण गाणाऱ्या बायकांबद्दल बोलतो. हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, गंगूबाई हनगल. त्यांच्याबद्दल बोलावं तेवढं थोडंच. पण आज मी वाजवणाऱ्या बाईबद्दल बोलणार आहे. एन. राजम त्यांचं नाव. व्हायोलिन वाजवतात. आपल्यापैकी पुष्कळजणींनी हे नाव ऐकलंही नसेल, त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

त्यांच्याकडे जाण्याआधी आपल्या अवतीभोवती जरा बघू या. बाईचं वाद्य कोणतं? जातं. जात्याच्या घरघरीवर ओवी म्हणायची. मंगळागौरीला बायका काय काय वाजवतात आठवा. घागर फुंकतात, लाटणी वाजवतात, सूप नाचवतात. म्हणजे स्वयंपाकघरातलं सामानच वाद्य म्हणून हाती घ्यायचं आणि खेळ संपला की परत जागेवर ठेवायचं. जागरणात मुरळी गाते, नाचते, हातात घोळ असतो. पण दिमडी आणि तुणतुणं वाघ्यांकडे. तमाशात सगळ्यांचे डोळे बाईवर, पण ढोलकी, हलगी, तुणतुणं पुरुषांच्या हातात. गोंधळ्याचं संबळ, लग्नातली सनई, बँडपार्टी, कुठेही बघा. यात जातीचाही भाग आहे. चामड्याचं वाद्य ज्यांनी वाजवायचं त्या जातींना गावाने दूर ठेवलं आणि त्या जातींमधल्या बायकांच्या हातीसुद्धा ते वाद्य आलं नाही.

याचं कारण मला एका साध्या गोष्टीत दिसतं. गाताना हात मोकळे असतात. दळताना गाता येतं, पाळणा हलवताना गाता येतं, निंदणी-खुरपणी करताना, लिंबं तोडताना गाता येतं. गाणाऱ्या बाईचं काम थांबत नाही. वाद्याला दोन्ही हात लागतात. बाईने वाद्य हातात घेतलं की तेवढा वेळ तिच्या हातून दुसरं कोणतंही काम होणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना उघड दिसतं. आणि बाईचे दोन्ही हात रोज दोन-तीन तास कामातून सुटलेले बघायची सवय आपल्या घरांना नाही. ‘वाद्य नाजूक हातांना झेपत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे हात त्याला दाखवा.

व्हायोलिन हे तर जास्तच हट्टी वाद्य. सतारीला पडदे असतात, बोट कुठे ठेवायचं ते दिसतं. व्हायोलिनला पडदे नाहीत. नुसती काळी पट्टी आणि चार तारा. बोट केसभर इकडे-तिकडे झालं की सूर गेला. उजव्या हातात गज, त्याला घोड्याचे केस, त्या केसांना राळ लावायची. दाब जास्त झाला तर कर्कश, कमी झाला तर फुसका. शिकणाऱ्याचं व्हायोलिन पहिली काही वर्षं ऐकवत नाही, आणि ते सोसावं लागतं सगळ्या घराला. मुलगा शिकत असला तर ‘रियाज चाललाय’ म्हणून दार लोटून घेतात. मुलगी शिकत असली तर काय म्हणतात, ते तुम्ही मला सांगा.

हे वाद्य आपल्याकडे आलं ते इंग्रजांबरोबर. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते युरोपीय वादकांकडून शिकून कर्नाटक संगीतात आणलं. साहेब उभं राहून हनुवटीखाली धरून वाजवायचा. आपल्या लोकांनी मांडी घातली, एक पाय पुढे सोडला आणि व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवलं. त्यामुळे डावा हात धरून ठेवण्याच्या कामातून सुटला आणि तारेवर वर-खाली सरकायला मोकळा झाला. आपल्या गाण्यातली मींड त्यातून निघते. उत्तरेच्या संगीतात व्हायोलिन उशिरा आलं, आणि त्यात आपल्या भागातल्या माणसांचा वाटा मोठा. पं. गजाननराव जोशी, वाईला जन्मलेले पं. व्ही. जी. जोग, गोव्याचे श्रीधर पार्सेकर, पं. डी. के. दातार. साथीचं वाद्य त्यांनी मैफलीच्या मधोमध आणून बसवलं. सगळे पुरुष. कुणी बायकांना बंदी केली होती असं नाही, पण बंदी न करताही बायका येत नाहीतच ना?

राजमबाईंचा जन्म १९३८ सालचा, केरळातल्या एर्नाकुलमचा. वडील ए. नारायण अय्यर व्हायोलिनचे नामांकित शिक्षक. थोरले भाऊ टी. एन. कृष्णन. कर्नाटक संगीतात त्यांचं नाव फार मोठं झालं. २०२० साली ते वारले. मला या कुटुंबाचं विशेष वाटतं ते असं, की वडिलांनी मुलगा आणि मुलगी दोघांनाही तेच वाद्य आणि तितक्याच कडकपणे शिकवलं. भावाच्या हाती व्हायोलिन आणि बहिणीसाठी चार गाणी, अशी वाटणी केली नाही. राजमबाई अगदी लहान असतानाच शिकायला लागल्या. पुढे मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांच्यासारख्या मोठ्या गायकाकडे शिकल्या. एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या साथीला त्या किशोरवयातच बसल्या.

त्या काळात दक्षिणेत बाईच्या साथीला बसणं किंवा बाईने साथीला बसणं ही साधी गोष्ट नव्हती. पालघाट मणी अय्यर हे मृदंगाचे थोर वादक, पण कित्येक वर्षं ते बायकांच्या गाण्याला साथ करत नसत. डी. के. पट्टम्मालांसाठी त्यांनी शेवटी नियम मोडला, तोही त्यांची मुलगी पट्टम्मालांच्या घरी सून म्हणून गेल्यावर. मोठ्या कलावंताच्या मनात मोठेपणाशेजारी असला नियम सुखाने नांदू शकतो.

मग राजमबाईंनी एक वळण घेतलं. कर्नाटक संगीतात घर, वडील, भाऊ, नाव सगळं तयार असताना त्या हिंदुस्थानी संगीताकडे वळल्या आणि पं. ओंकारनाथ ठाकुरांच्या शिष्या झाल्या. इथे आपल्या महाराष्ट्राचा धागा जोडला जातो. ओंकारनाथ हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि पलुस्कर आपल्या कुरुंदवाडचे. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीत गुरूच्या घरातून शाळेच्या वर्गात आणलं. फी भरा, वर्गात बसा, परीक्षा द्या. गुरूच्या घरी राहून सेवा करणं मुलीला शक्य नव्हतं. वर्गात बसणं शक्य होतं. ‘घरंदाज’ मुलींना गाणं शिकायची वाट त्यातून रुंद झाली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. याच सुमाराला ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे संगीत सांभाळलं होतं, त्या कलावंतिणींना बाजूला सारायचं कामही चालू होतं. संगीत ‘शुद्ध’ करायचं म्हणजे त्यांना दूर करायचं, असा समज सुशिक्षितांत होता. १९४६ च्या सुमारास आकाशवाणीनेसुद्धा ज्यांचं खाजगी आयुष्य ‘चर्चेचं’ आहे अशा गायिकांना दार बंद केलं. पुरुष कलावंतांचं खाजगी आयुष्य कुणी तपासल्याचं माझ्या वाचनात नाही. एका प्रकारच्या बाईला आत घेताना दुसऱ्या प्रकारच्या बाईला बाहेर काढलं. स्त्रियांच्या संगीताचा इतिहास सांगताना आपण हे गाळू नये.

ओंकारनाथांचं गाणं राजमबाईंनी व्हायोलिनवर आणलं. याला ‘गायकी अंग’ म्हणतात. गाणारा एका श्वासात जेवढं गातो तेवढं गजाच्या एका ओढीत वाजवायचं. शब्द जिथे तुटेल तिथे गज वळवायचा. ख्यालाचा विलंबित विस्तार, बोल, तान, सगळं तारेवर. ऐकताना व्हायोलिन ऐकतोय हे विसरायला होतं, कुणी तरी गातंय असंच वाटतं. यासाठी त्यांना लहानपणापासून घटवलेल्या बोटांच्या सवयी बदलाव्या लागल्या असणार. सुगरणीला दुसऱ्या प्रांताचा स्वयंपाक शिकताना आपला हात आवरावा लागतो, तसंच काहीसं.

आणि आता ज्या गोष्टीकडे त्यांच्या चाहत्यांचं फारसं लक्ष जात नाही, ती गोष्ट. त्यांची नोकरी. ओंकारनाथ बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते. राजमबाईंनी त्याच विद्यापीठात सुमारे चाळीस वर्षं शिकवलं. विभागप्रमुख झाल्या, पुढे अधिष्ठाता झाल्या. मैफली देशभर, परदेशातही. १९८४ ला पद्मश्री, १९९० ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००४ ला पद्मभूषण, २०१२ ला अकादमीचं फेलोपद. हे सन्मान मोठेच. पण मला विचाराल तर या सगळ्याच्या खाली दर महिन्याचा पगार आहे. ज्या बाईला पगार आहे तिला कार्यक्रम ठरवणाऱ्याची मर्जी धरावी लागत नाही. न आवडणारं निमंत्रण ती नाकारू शकते. तिचा रियाज हा घराच्या दृष्टीने ‘हौस’ राहत नाही, तो नोकरीचा भाग होतो. ‘तिला उद्या वर्गात शिकवायचंय’ म्हटलं की दार लोटून घ्यायला घर तयार होतं.

म्हणून राजमबाईंची गोष्ट मला ‘जिद्दीची गोष्ट’ म्हणून सांगवत नाही. जिद्द होती, त्याबद्दल वाद नाही. रोजचा तासन्‌तासांचा रियाज त्याशिवाय होत नाही. पण नुसती जिद्द म्हटलं, की ज्यांना जमलं नाही त्यांच्यात जिद्द नव्हती असा अर्थ आपोआप निघतो. राजमबाईंकडे शिकवणारे वडील होते, घरात वाद्य होतं, बेसूर सोसणारं घर होतं, पुढे सरकारी विद्यापीठाची नोकरी होती. यातलं एक जरी काढून घेतलं असतं तर?

काढून घेतल्यावर काय होतं, याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. सरोदचे महान वादक, असंख्य शिष्यांचे गुरू. त्यांच्या थोरल्या मुलीच्या सासरी तिचं गाणं सहन झालं नाही आणि तिचा तानपुरा जाळून टाकला, असं त्या घराण्याच्या आठवणींत सांगितलं जातं. बापाने धसका घेतला आणि ठरवलं, धाकटीला शिकवायचं नाही. धाकटी भावाचा रियाज ऐकून ऐकूनच शिकली. एक दिवस भावाचं चुकलं तेव्हा तिने गाऊन दुरुस्त केलं, ते बापाच्या कानावर पडलं आणि त्यांनी निर्णय फिरवला. ती धाकटी म्हणजे अन्नपूर्णा देवी. सूरबहार वाजवत. १९४१ साली रविशंकरांशी लग्न झालं. १९५० च्या दशकानंतर त्या जाहीर मैफलीत बसल्या नाहीत. का, याबद्दल फार लिहिलं गेलंय. त्या नवरा-बायकोच्या भांडणात मी शिरणार नाही. मुंबईत एका घरात त्या राहिल्या आणि २०१८ साली गेल्या. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्यांना त्यांनी शिकवलं. जगाने टाळ्या वाजवल्या त्या शिष्यांसाठी. त्यांचं स्वतःचं वादन आज ऐकायचं तर मोजकी, धूसर ध्वनिमुद्रणं तेवढी हाती आहेत.

मला या गोष्टीतला तानपुरा विसरता येत नाही. कुणाचा गळा जाळता येत नाही, वाद्य जाळता येतं, विकता येतं, माळ्यावर टाकता येतं. सासरी जाताना मुलीबरोबर भांडी जातात, कपाट जातं, शिलाई मशीनही जातं. पेटी किती जणींबरोबर गेली?

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. व्हायोलिन जिथून आलं त्या युरोपात एकोणिसाव्या शतकात मुलींनी पियानो वाजवावा, व्हायोलिन नको, असा दंडक होता. हनुवटी दाबून, दंड हलवत वाजवणारी बाई बरी दिसत नाही म्हणे. विल्मा नेरुदासारख्या बायकांनी तो मोडला. तरी वाद्यवृंदात जागा मिळेना. लंडनला हेन्री वुड यांनी १९१३ साली आपल्या वाद्यवृंदात सहा बायका घेतल्या तर ती बातमी झाली. बर्लिनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात पहिली व्हायोलिनवादक स्त्री आली १९८२ मध्ये. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाने स्त्रियांना सभासद करायचा निर्णय घेतला १९९७ मध्ये! त्याच्या आधी वीसहून जास्त वर्षं एक बाई तिथे हार्प वाजवत होती, पण सभासद म्हणून तिचं नाव नव्हतं. अमेरिकेत निवड करताना उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावायला लागले. काही ठिकाणी तर खाली गालिचाही घालत, म्हणजे चपलांच्या टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये. असे पडदे आले आणि वाद्यवृंदांत बायकांची संख्या वाढत गेली. ऐकायला गंमत वाटते, पण कान किती पक्षपाती असतात ते यातून कळतं.

आपल्या संगीतात असा पडदा लावायची सोय नाही. इथे संधी मिळते ती ओळखीतून, गुरूच्या शब्दातून, साथीदारांच्या सोबतीतून. रात्रीची मैफल, परगावचा मुक्काम, पहाटेची गाडी. बाईबरोबर कोण जाणार, हा प्रश्न पहिला. मुंबईत झरीन दारूवाला सरोद वाजवत, आबान मिस्त्री तबला वाजवत. दोघीही मोठ्या ताकदीच्या, दोघी आता नाहीत. तबल्याला बाई बघून श्रोत्यांच्या भुवया वर जात, तो काळ फार जुना नाही.

राजमबाईंच्या घरात मात्र वाद्य पुढे गेलं. मुलगी संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, तिन्ही व्हायोलिनवादक. भाची कला रामनाथ आजोबांकडे म्हणजे नारायण अय्यरांकडे शिकल्या, नंतर पं. जसराजांकडे, आणि जगभर वाजवतात. आजी, मुलगी आणि नाती एकाच मंचावर वाजवताना बघायला मिळतात. पूर्वी घराणं म्हणजे बापाकडून मुलाकडे. इथे ते आईकडून मुलीकडे गेलं. मला हे बघून आनंद होतो, आणि त्याच वेळी वाटतं की ज्या मुलीच्या घरी आजी-आई वाजवणाऱ्या नाहीत, तिचं काय?

आता आपल्या तालुक्याकडे येते. इथल्या मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. गेल्या काही वर्षांपासून दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे संख्याही वाढली आहे. चांगलंच आहे. पण पेटी बंद होते ती दहावीचा निकाल लागल्यावर. गुण मिळाले, काम झालं. त्यातून उरलेल्या लग्नात गळतात. विशारदपर्यंत पोचलेल्या मुलीला पुढे काय, हे कुणी विचारत नाही, कारण पुढे काय याचं उत्तर आपण तयारच केलेलं नाही. शाळांत संगीताच्या शिक्षकाची जागा भरली जात नाही. ती जागा मागणं हा स्त्रियांचा प्रश्न आहे, असं मी म्हटलं तर कुणी हसू नये. राजमबाईंच्या चाळीस वर्षांच्या मागे तशी एक जागा होती.

दुसरं, मंडळांचे पैसे. मी सकाळी विचारलं, कार्यक्रमाला पेटीवाले, पखवाजवाले येतात त्यांना काय देता? कुणी पाचशे म्हणालं, कुणी हजार. द्यायलाच हवेत, वाजवणं हे काम आहे. आणि गाणाऱ्यांना? सगळ्या हसल्या. म्हणजे जे काम पुरुष करतो त्याला बिदागी, आणि आपण करतो ती सेवा. एवढ्या पैशात वर्षभरात मंडळातल्या दोन मुलींना पखवाज शिकवून होईल. पेटी मंडळाच्या मालकीची असू द्या, कुणाच्या घरची नको. ती ठेवायला समाजमंदिराची खोली मागा. ग्रामसभेत ठराव घालून मागा, तोंडी नको. किल्ली बाईकडे ठेवा. आणि संध्याकाळी सहा ते आठ ज्या मुली शिकायला येतील त्यांच्या घरच्या भाकरी कोण थापणार, हे आधीच घरोघरी जाऊन बोलून घ्या. नाहीतर सगळं याच एका गोष्टीवर अडतं, हा आपल्या कामाचा अनुभव आहे.

मघाशी मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली. लिहिलंय, ‘माझं वय बेचाळीस, आता पेटी शिकता येईल का?’ येईल. व्हायोलिनवर मैफल करण्याइतका हात बहुतेक तयार होणार नाही, ते मी खोटं कशाला सांगू? भजनाची पेटी वर्षभरात नीट वाजेल. मात्र रोज अर्धा तास लागेल, आणि तो कुणाकडून घेणार हे आज घरी जाऊन ठरवा.

जेवणाला अजून वीस मिनिटं आहेत. राजमबाईंचं एक ध्वनिमुद्रण लावते. पहिली काही मिनिटं फार संथ आहेत, तेव्हा चुळबूळ करू नका. गज कुठे वळतो तिकडे कान द्या. ज्या ताई सकाळी पेटीवर होत्या त्यांनी पुढे येऊन बसावं, आणि ज्या दोघी-तिघी चहा करायला आत गेल्या आहेत त्यांनाही कुणीतरी बोलावून आणा. चहा नंतर होईल.